सतरा पाऊण पावणेतेरा : मायक्रोकंट्रोलरचे पाढे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझे आजोबा नारळ विकायला बसायचे. नारळ पाऊण रुपयाला एक. गिऱ्हाइकाने सतरा नारळ बाजूला काढले की आजोबा मान वर न करता म्हणायचे, ‘पावणेतेरा रुपये.’ मी शेजारी बसून सतराला तिनाने गुणायचो, चाराने भागायचो आणि उत्तर बरोबर आलेलं पाहून दर वेळी नवल करायचो. ते हिशेब भराभर करतात असं मला वाटायचं. खरं म्हणजे ते हिशेब करतच नव्हते. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेतलेली. ‘सतरा पाऊण पावणेतेरा’ ही ओळ डोक्यात तयार होती, तेवढी उचलायची आणि सांगायची.

आता डिचोलीला डिप्लोमाची मुलं माझ्याकडे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्रांच्या आत बसवतात ती छोटी संगणक-चिप, शिकायला येतात. लुकअप टेबलचा धडा आला की मी पाऊणकीपासूनच सुरुवात करतो. लुकअप टेबल म्हणजे चिपला पढवलेले पाढे. उत्तरं आपण आधी, निवांतपणे काढायची, ओळीने मेमरीत लिहून ठेवायची आणि ऐन वेळी चिपने फक्त ‘कितवं’ एवढं विचारून उत्तर उचलायचं. मी मराठीत याला सरळ ‘तक्ता’ म्हणतो.

चिपला पाढ्यांची गरज का पडते, तर तिला गणित फार थोडं येतं म्हणून. इंटेलने १९८० साली आणलेली ८०५१ ही चिप आजही वर्गात शिकवली जाते. तिच्या मूळ रूपात प्रोग्रामसाठी ४ किलोबाइट जागा आणि कामाच्या वेळी लिहा-पुसायला १२८ बाइट रॅम. बेरीज, वजाबाकी, आठ बिटांचा गुणाकार-भागाकार येतो. लॉगरिदम, साइन, वर्गमूळ यांतलं काही येत नाही. मायक्रोचिप कंपनीच्या पिक घराण्यातल्या छोट्या चिपांना तर गुणाकाराची इन्स्ट्रक्शनसुद्धा नाही. पण ठरल्या जागेवरचा एक बाइट या ना त्या तऱ्हेने उचलून आणणं प्रत्येक चिपला जमतं, आणि ते काम ती क्षणात करते.

सगळ्यात सोपं उदाहरण सात पट्ट्यांच्या डिस्प्लेचं. वजनकाट्यावर, लिफ्टमध्ये आकडा दाखवणारा तो डबा. वरच्या पट्टीपासून मधल्या पट्टीपर्यंत सात पट्ट्या पोर्टच्या (चिपच्या बाहेर जोडणी करायच्या पायांच्या गटाच्या) सात बिटांना जोडल्या, तर ‘७’ दाखवायला वरची आणि उजवीकडच्या दोन अशा तीन पट्ट्या लावायच्या, म्हणजे पोर्टवर ०७ पाठवायचं. ‘८’ ला सातही पट्ट्या, म्हणजे ७एफ. (हे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पद्धतीचे; त्यांत नवाच्या पुढे ए ते एफ ही अक्षरं येतात, आणि प्रोग्राममध्ये शेवटी ‘एच’ लावतात.) आता ‘७’ या आकड्यातून ०७ आणि ‘८’ मधून ७एफ काढणारं सूत्र कुठलं? असं सूत्र नाहीच. आकड्यांचे आकार माणसांनी डोळ्यांसाठी ठरवलेले, त्यांत गणित नाही. नवखा विद्यार्थी मग तुलनांची माळ लावतो: शून्य आहे का, नसेल तर एक आहे का, नसेल तर दोन. ८०५१ ला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर तिचं एक मशीन सायकल एका मायक्रोसेकंदाचं, आणि एका तुलनेला अशी दोन सायकल लागतात. शून्य पहिल्याच दारात सापडतो, नवाला मात्र नऊ दारं ठोठावावी लागतात. तक्ता असेल तर सगळं एवढ्यात आटपतं (इन्स्ट्रक्शन उच्चाराप्रमाणे लिहितो; ‘ए’ हे चिपचं हिशेबाचं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायची छोटी जागा, दाखवायचा आकडा त्यात आधीच आहे; ‘पी१’ हा पोर्ट; ‘डीबी’ म्हणजे पुढचे बाइट जसेच्या तसे लिहून ठेव):

मूव्ह डीपीटीआर, #तक्ता
मूव्हसी ए, @ए+डीपीटीआर
मूव्ह पी१, ए

तक्ता: डीबी ३एफएच, ०६एच, ५बीएच, ४एफएच, ६६एच
डीबी ६डीएच, ७डीएच, ०७एच, ७एफएच, ६एफएच

पहिल्या ओळीने डीपीटीआर या सोळा बिटांच्या रजिस्टरमध्ये तक्त्याचा पत्ता भरला. दुसरी ओळ या सगळ्याचा जीव आहे. तक्त्याच्या पत्त्यात ‘ए’ मधला आकडा मिळवायचा, त्या जागचा बाइट उचलायचा आणि पुन्हा ‘ए’ मध्येच आणून ठेवायचा. ‘मूव्हसी’ मधला ‘सी’ कोडचा. रॅममधून नको, प्रोग्राम जिथे राहतो त्या मेमरीतून आण, असं तो सांगतो. रॅम १२८ बाइटच असल्याने न बदलणारा तक्ता तिथे ठेवणं परवडत नाही. पहिल्या दोन ओळी मिळून चार मायक्रोसेकंद, आणि शून्य असो की नऊ, तेवढेच. वेळ कायम सारखा राहणं हे वेगाहूनही मोलाचं, कारण मग बाकीच्या प्रोग्रामचं वेळापत्रक बांधता येतं.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. ‘ए’ प्रश्न घेऊन जातो आणि उत्तर घेऊन येतो. मूळ आकडा पुसला जातो. तो पुढे लागणार असेल तर आधी दुसऱ्या रजिस्टरमध्ये ठेवा. आणि हेक्स आकडा अक्षराने सुरू होत असेल, उदाहरणार्थ सी०, तर त्याच्या आधी शून्य लावून ०सी०एच लिहा. नाहीतर असेंब्लर (आपल्या ओळींचे बाइट करून देणारा प्रोग्राम) त्याला लेबल, म्हणजे एखाद्या जागेचं नाव, समजतो आणि ‘असं लेबल सापडलं नाही’ म्हणून अडून बसतो.

आता माझ्या आवडीचा भाग. तक्ता कुठे लिहायचा? मुलं तो बहुधा आपल्या सोयीने वापराच्या ओळीखालीच लिहितात, मध्ये परत जाण्याची किंवा उडी मारण्याची इन्स्ट्रक्शन न घालता. चिपला कोड कोणता आणि माहिती कोणती हे ओळखता येत नाही. तिच्या लेखी दोन्ही बाइटच. ती तक्त्यात शिरते आणि तो चालवायला लागते. वरचेच दहा बाइट ८०५१ च्या नजरेने वाचून बघा. ३एफ म्हणजे आर७ या रजिस्टरमधला आकडा हातच्यासह ‘ए’ मध्ये मिळव. ०६ म्हणजे आर० ज्या जागेकडे बोट दाखवतोय तिथला आकडा एकाने वाढव. ५बी, ४एफ, ६६, ६डी या चार ‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘एक्सऑर’च्या क्रिया. ७डी म्हणजे पुढचा बाइट आर५ मध्ये भर, म्हणून आपल्या ‘७’ चा ०७ आर५ मध्ये जाऊन बसतो. ७एफ म्हणजे पुढचा बाइट आर७ मध्ये भर, म्हणून ‘९’ चा ६एफ आर७ मध्ये. दहा बाइटांच्या आठ इन्स्ट्रक्शन झाल्या, कुठेही अडखळ नाही, काही बंद पडलं नाही. ‘ए’, आर५, आर७ आणि रॅममधली एक जागा मात्र गुपचूप बदलली. चूक तक्त्यापाशी घडते आणि तिचं फळ प्रोग्रामच्या भलत्याच कोपऱ्यात दिसतं. एकदा हे कागदावर स्वतः उलगडून पाहिलं की तक्त्याच्या आधी ‘रेट’ ही परत जाण्याची इन्स्ट्रक्शन लिहायला कोणी विसरत नाही.

तक्त्याच्या बाहेर हात जाणं ही दुसरी चूक. दहा नोंदींच्या तक्त्याला अकरावी मागितली तर चिप नाही म्हणत नाही, पुढे जो बाइट पडलेला असेल तो आणून देते. मी तक्ता सोळा नोंदींचा करून घेतो, उरलेल्या सहा जागांत शून्य, म्हणजे कोरा डिस्प्ले, आणि उचलण्याआधी ‘ए’ चे वरचे चार बिट पुसून टाकतो. सहा बाइट खर्च होतात, पण हात पंधराच्या पुढे जाऊच शकत नाही.

पिकची तऱ्हा वेगळी. जुन्या, छोट्या पिकमध्ये प्रोग्रामच्या मेमरीतून बाइट उचलणारी ‘मूव्हसी’सारखी इन्स्ट्रक्शनच नाही. तिथे प्रत्येक नोंद स्वतःच एक इन्स्ट्रक्शन असते: ‘रेटएलडब्ल्यू’, म्हणजे हा आकडा हातात घे आणि परत जा. तक्ता म्हणजे अशा परतीच्या इन्स्ट्रक्शनांची रांग. रांगेच्या तोंडाशी ‘ॲडडब्ल्यूएफ पीसीएल, एफ’ ही ओळ. पुढची इन्स्ट्रक्शन कुठली हे सांगणाऱ्या काउंटरमध्येच आपला आकडा मिळवायचा, की चिप तितकी घरं पुढे उडी घेते, तिथला आकडा उचलते आणि माघारी येते. आठवड्याच्या बाजारात सात नंबरच्या दुकानात जा, ते देतील ते घेऊन ये, असं पोराला सांगावं तसं.

या रांगेने मला एका चवथीच्या आदल्या रात्री जागं ठेवलं. माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीखाली) लावायला एलईडीची माळ केली होती, हळूहळू उजळणारी आणि हळूहळू मावळणारी. अशा कामाला तक्ता लागतोच, कारण आपला डोळा उजेड सरळ मापाने मोजत नाही. २५५ ला पूर्ण उजेड धरला तर डोळ्याला ‘निम्मा’ वाटणारा उजेड १२८ ला नसतो, साधारण ५५ च्या आसपास असतो. म्हणून ३२ पायऱ्यांचा तक्ता केला, सुरुवातीला बारीक पावलं, शेवटी मोठी. आठवडाभर माळ छान चालली. त्या संध्याकाळी पूर्ण उजेड थोडा जास्त वेळ राहावा म्हणून दुसरीकडे सोळा ओळी वाढवल्या आणि माळ निम्म्यापर्यंत उजळून एकदम विझायला लागली. पुन्हा उजळणार, पुन्हा विझणार. तक्त्याला मी हातही लावला नव्हता.

पहाटे कारण सापडलं. पीसीएल, म्हणजे त्या काउंटरचा खालचा भाग, आठच बिटांचा, त्यात २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. बेरीज २५५ ओलांडली की हातचा वरच्या भागात जात नाही, गळून पडतो. माझ्या सोळा ओळींनी तक्ता पुढे सरकला होता. त्याचा पूर्वार्ध पत्ता २५५ च्या आत राहिला, उत्तरार्ध २५६ पासून पुढे गेला. निम्म्या पायऱ्या झाल्या की बेरीज शून्यावर यायची आणि चिप पत्ता शून्यावर उडी मारायची. पत्ता शून्य म्हणजे प्रोग्रामचा आरंभ! माळ विझत नव्हती, चिप दर वेळी नव्याने जन्म घेत होती. तक्ता २५६ च्या एका पानाच्या सुरुवातीला पक्का बसवला, उडीआधी पत्त्याचा वरचा भाग पीसीएलएटीएच या रजिस्टरमध्ये भरला, आणि माळ सुधारली. तेव्हापासून तक्त्याची पहिली आणि शेवटची नोंद एकाच पानावर आहे का, हे मी असेंब्लरलाच तपासायला लावतो. नसेल तर त्याने प्रोग्राम बांधायलाच नकार द्यावा.

एव्हीआर घराण्यात, म्हणजे मूळच्या आर्डुइनो उनो या शिकाऊ बोर्डावर असते त्या चिपमध्ये, ‘एलपीएम’ ही इन्स्ट्रक्शन ‘झेड’ रजिस्टरमधल्या पत्त्यावरून बाइट उचलते. तिथली एकच मेख सांगतो: प्रोग्रामची मेमरी दोन-दोन बाइटांच्या घरांत मोजलेली असते आणि ‘एलपीएम’ एकेक बाइट मोजते, म्हणून लेबलचा पत्ता दुप्पट करून द्यावा लागतो.

इथवर तक्त्याने आपली सोय केली. जिथे त्याच्यावाचून चालतच नाही असं काम मला सत्तरी तालुक्यातल्या एका बागाईतदारांनी दिलं. त्यांच्याकडे भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं वाळवतात. उन्हात पसरायची, रस चोळायचा, पुन्हा पसरायची. मे अखेरीस पाऊस लवकर आला की सगळी मेहनत बुरशीत जाते, म्हणून त्यांना गरम हवेचा छोटा ड्रायर हवा होता आणि आतली उष्णता साठ अंशांच्या वर जायला नको होती. उष्णता मोजायला थर्मिस्टर घेतला: तापला की ज्याचा रोध उतरतो असा दोन तारांचा स्वस्त तुकडा. २५ अंशांना त्याचा रोध १० किलोओहम, उतरण्याचा बीटा हा आकडा ३९५०. दुसऱ्या १० किलोओहमच्या रोधासोबत तो जोडून पिकच्या दहा बिटांच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या भागाला) दिला की ० ते १०२३ मधलं एक माप मिळतं. ३० अंशांना ४५६, ४० ला ३५४, ५० ला २७०, ६० ला २०४, ७० ला १५३. दर दहा अंशांमागे माप किती उतरलं ते बघा: १०२, ८४, ६६, ५१. उतार सारखा नाही. मापावरून अंश काढायचं सूत्र आहे, पण त्यात लॉगरिदम आहे, आणि आपल्या चिपला गुणाकारही येत नाही.

पहिली कल्पना सगळ्यांना हीच सुचते की वरचाच तक्ता मेमरीत ठेवावा: ३० ला ४५६, ४० ला ३५४. मग माप ३१२ आलं तर ते कुठल्या दोन नोंदींमध्ये बसतं हे शोधत जायचं आणि मधलं अंतर वाटायला ८४ ने भागायचं. शोधही आला, भागाकारही आला. इथे तक्ता उलटा करावा लागतो. आपल्या हातात काय आहे? माप. मग नोंदी मापाच्या क्रमाने मांडाव्या: माप ० ला किती अंश, १६ ला किती, ३२ ला किती, असं दर सोळा मापांना एक नोंद, अंशाच्या दशांशात. आता दहा बिटांच्या मापाचे वरचे सहा बिट म्हणजे नोंदीचा क्रमांक आणि खालचे चार बिट म्हणजे नोंदीपासून पुढे किती आलो ते. शोधणं संपलं. आणि सोळाने भागणं म्हणजे बिट चार घरं उजवीकडे सरकवणं, भागाकारही संपला.

माप ३१२ घेऊ. सोळाने भागलं की १९, बाकी ८. एकोणिसावी नोंद माप ३०४ ची, ४५७, म्हणजे ४५.७ अंश. विसावी ३२० ची, ४३८. दोघींमधला फरक १९. त्याला आठाने गुणून (चिपसाठी म्हणजे आठदा मिळवून) सोळाने भागलं की साडेनऊ, अपूर्णांक सोडून ९. ४५७ मधून ९ गेले, ४४८. म्हणजे ४४.८ अंश. लॉगरिदम लावून अचूक काढलं तर ४४.७६ येतात. सोलं वाळवायला याहून बारीक मापाची गरज नाही.

नोंदी किती? १०२४ भागिले १६ म्हणजे ६४ असं वाटतं, पण ठेवायच्या ६५. शेवटच्या सोळा मापांसाठीही पुढची नोंद लागते; कुंपणाला खांब नेहमी गाळ्यांपेक्षा एकाने जास्त. आणि टोकांचा उपयोग करून घ्या. थर्मिस्टरची तार तुटली की माप १०२३ ला जाऊन चिकटतं, दोन तारा एकमेकींना लागल्या की शून्याला. त्या टोकांच्या नोंदींत अंश न लिहिता ‘बिघाड’ अशी खूण ठेवली, आणि खूण दिसली की हीटर बंद. उंदराने तार कुरतडली तरी ड्रायर पेटत राहणार नाही. याच्यासाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागला नाही, दोन-चार नोंदींतच काम झालं.

तक्ता सगळीकडे पुरत नाही. प्रश्न एका बाइटाचा असेल तर उत्तरं २५६. प्रश्नात दोन बाइट आले, उदाहरणार्थ दोन आकड्यांचा गुणाकार, की नोंदी ६५,५३६ होतात आणि गुणाकार दोन बाइटांचा असल्याने १२८ किलोबाइट लागतात. ८०५१ ची प्रोग्रामची सगळी हद्दच ६४ किलोबाइटची. अशा वेळी जुनी युक्ती कामाला येते: वर्गांचा चौथा हिस्सा. १७ गुणिले १२ हवेत? बेरीज २९, तिच्या वर्गाची पाव, अपूर्णांक सोडून, २१०. वजाबाकी ५, तिच्या वर्गाची पाव ६. दोन्हींतला फरक २०४. हेच उत्तर. दोन बाइटांच्या तक्त्याऐवजी एकाच आकड्याचा, ५११ नोंदींचा तक्ता, दोनदा उचलायचा आणि एक वजाबाकी. १९७५ साली आलेल्या ६५०२ या प्रोसेसरला गुणाकार येत नव्हता, त्याच्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ही युक्ती खूप वापरली.

साइनचा तक्ता तर आपल्याकडे ४९९ सालचा आहे. आर्यभटाने पाव वर्तुळाचे २४ भाग केले, प्रत्येक पावणेचार अंशांचा, आणि २४ आकडे अक्षरांत गुंफून एका श्लोकात बसवले: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१० असे उतरत उतरत शेवटी २२ आणि ७. हे साइनचे आकडे नव्हेत, लागोपाठच्या दोन साइनांमधले फरक आहेत. पहिले आठ मिळवले की १७१९, सगळे चोवीस मिळवले की ३४३८. आठ भाग म्हणजे ३० अंश, आणि १७१९ हे ३४३८ च्या बरोबर निम्मे. असेंब्ली लिहिणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सगळ्यात मोठा फरक २२५, म्हणजे चोवीसही आकडे एकेका बाइटात मावतात. पुऱ्या साइनी ठेवल्या असत्या तर दोन-दोन बाइट, ४८. फरक ठेवले तर २४. साइन लहरीने चालणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये कोन एकेक पायरीनेच पुढे जातो, तेव्हा प्रत्येक वेळी पुढचा फरक मिळवायचा, बस. पाव लहर चढताना मिळवायचे, पुढची पाव उतरताना तेच उलट क्रमाने वजा करायचे, आणि उरलेली अर्धी लहर तीच, खालच्या बाजूला. एका लहरीला ९६ पायऱ्या. घरची वीज ५० हर्ट्झची, एक लहर २० मिलिसेकंदांची, म्हणजे एका पायरीला सुमारे २०८ मायक्रोसेकंद. ८०५१ ला तेवढ्यात एक बाइट उचलून एक बेरीज करायची आहे. ते सहज होतं आणि उरलेल्या वेळात बॅटरीकडे लक्षही देता येतं.

फरकांचा मी आणखी एक उपयोग करतो, तो तक्ता तपासायला. हाताने भरलेल्या ६५ नोंदींत आकड्यांची अदलाबदल होतेच, आणि नुसतं वाचून ती सापडत नाही. ड्रायरच्या तक्त्यात एका मुलाने ४५७ च्या जागी ४७५ लिहिलं होतं. नोंदी होत्या ४९८, ४७७, ४७५, ४३८, ४२०, ४०३. तिघांनी डोळ्यांखालून घातल्या, कोणाला काही खटकलं नाही. मग शेजारी फरक लिहायला सांगितले. २१, २, ३७, १८, १७. दुसरा फरक लिहितानाच त्याची पेन्सिल थांबली. ४७५ खोडून त्याने ४५७ केलं आणि फरक पुन्हा मांडले: २१, २०, १९, १८, १७.